शुमान यांना ऐकू आलेले संगीत

प्रसिद्ध जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान ड्युसेलडॉर्फ शहरात राहत होते. १० फेब्रुवारी १८५४च्या रात्री त्यांच्या कानात एकच सूर वाजू लागला. तो थांबेना. पुढे त्या सुराच्या जागी अख्खा वाद्यवृंद ऐकू येऊ लागला. पत्नी क्लारा नामवंत पियानोवादक होत्या, पण त्यांना यातले काहीच ऐकू येत नव्हते.

१७ तारखेच्या रात्री शुमान अंथरुणातून उठले आणि देवदूतांनी ऐकवलेली धून त्यांनी लिहून काढली. ती खरे तर त्यांचीच होती. आदल्या वर्षी रचलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोतील संथ भागाशी तिचे स्पष्ट साम्य आहे. लवकरच देवदूतांच्या जागी सैतान आले. २७ फेब्रुवारीला शुमान यांनी ऱ्हाईन नदीत उडी घेतली. लोकांनी त्यांना वाचवले. त्यानंतर त्यांना बॉनजवळच्या एंडेनिख येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. क्लारा यांना त्यांची भेट मिळाली ती थेट जुलै १८५६मध्ये. दोनच दिवसांनी, २९ जुलैला, शुमान यांचे निधन झाले. वय अवघे ४६.

त्यांचा आजार सिफिलिसमुळे होता की तो मूळचा मनोविकार होता, यावर आजही मतभेद आहेत. मात्र संगीतभास म्हणजे काय, हे आता बरेच कळले आहे. मेंदूचा जो भाग काम करतो तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि पेट स्कॅनमध्ये तो मोजता येतो. बहिरेपणानंतर संगीतभास होणाऱ्या रुग्णांत, सूर ओळखणाऱ्या आणि मनात आठवणाऱ्या भागांतला रक्तप्रवाह वाढलेला आढळला. कानाकडून आलेला संदेश जिथे प्रथम पोहोचतो, ते केंद्र मात्र तितके जागे नव्हते. म्हणजे बाहेरून आवाज येत नसतानाही मेंदू साठवलेले संगीत वाजवतो आणि रुग्णाला ते खरेच ऐकू येते.

उतारवयात ऐकू कमी येऊ लागल्यावर जुनी गाणी ऐकू आली, तर ते वेड नव्हे. कानाची तपासणी करावी. श्रवणयंत्राने अनेकांचा त्रास कमी होतो. काही औषधे आणि अपस्मार हीदेखील कारणे असू शकतात. पण आवाज घाबरवू लागले, हुकूम देऊ लागले किंवा मनात आत्महत्येचे विचार आले, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. पहिल्या सुरापासून नदीपर्यंत शुमान यांना सतराच दिवस लागले होते.