‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे

कोकणातील महाड या गावी २७ जून १८६४ रोजी शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म झाला. महाड, रत्नागिरी आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. संस्कृत भाषेवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. एम्. ए. झाल्यावर पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात ते काही काळ त्या विषयाचे प्राध्यापकही होते. ग्रंथांच्या सहवासात त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते.

परंतु ते दिवस मोठे कठीण होते. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. त्याच वर्षी रँडसाहेबाचा वध झाला आणि लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात जावे लागले. सरकारविरुद्ध चार शब्द लिहिताना संपादकांचे हात कापू लागले. अशा वेळी, १८९८ मध्ये, शिवरामपंतांनी ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले.

उघड लिहावे तर तुरुंग, न लिहावे तर मन स्वस्थ बसू देत नाही! यातून शिवरामपंतांनी वक्रोक्तीची वाट काढली. वक्रोक्ती म्हणजे वाकडे बोलणे. वरून स्तुती आणि आतून निंदा. समजा, एखाद्याच्या घरची सारी भांडी चोराने नेली आणि घरधन्याने भर चौकात त्या चोराचे आभार मानले, की बाबा रे, भांडी घासण्याचे माझे कष्ट तू वाचवलेस! ऐकणारा हसेल, पण चोर कोण हे त्याला नेमके कळेल. शिवरामपंत इंग्रजी राज्याचे असेच गोडवे गात. पुराणातील एखादी कथा किंवा इतिहासातील एखादा प्रसंग घेऊन ते लिहू लागत आणि वाचता वाचता वाचकाच्या ध्यानी येई, की ही कथा आपलीच आहे. नाशिकला शाळेत शिकणारे विनायक दामोदर सावरकर हे ‘काळा’च्या तरुण वाचकांपैकी एक होते.

दहा वर्षे हे लेखन चालले. अखेर १९०८ च्या जूनमध्ये शिवरामपंतांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. त्यांच्या साहाय्यासाठी लोकमान्य मुंबईस गेले आणि तेथेच त्यांनाही अटक झाली. शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०९ च्या ऑक्टोबरात ते सुटून आले. पण पुढच्याच वर्षी सरकारने छापखान्यांसंबंधी नवा कायदा करून ‘काळा’कडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला. एवढी रक्कम आणावी कोठून? ‘काळ’ बंद पडला.

वर्तमानपत्राचे आयुष्य मुळातच थोडे. आज उत्सुकतेने वाचलेला अंक पुढच्या आठवड्यात वाण्याच्या पुडीला जातो. म्हणून ‘काळा’तील निवडक निबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्यात आले होते. सरकारने तेही जप्त केले. जप्त झालेले पुस्तक जेथे सापडेल तेथून उचलून नेण्याचा अधिकार नव्या कायद्याने पोलिसांस दिला होता. जे पुस्तक दुकानात मिळत नाही आणि घरात ठेवण्याची सोय नाही, ते एका पिढीत विस्मृतीत जावयाचे, असाच सरकारचा हिशेब असावा.

शिवरामपंतांची लेखणी मात्र थांबली नाही. १९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ हे साप्ताहिक काढले. धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांची बाजू घेऊन १९२२ मध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या या विद्वानाने पुन्हा तुरुंगवास पत्करला. ‘विंध्याचल’ ही कादंबरी आणि मराठ्यांच्या लढायांचा इतिहासही त्यांनी लिहिला.

१९२९ साली बेळगाव येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी लेखकाला मिळणारा तो थोर सन्मान! आणि ज्या निबंधांनी त्यांना हा मान मिळवून दिला, ते तेव्हाही बंदीतच होते. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. आपले निबंध पुन्हा वाचकांच्या हाती पडलेले त्यांना पाहता आले नाहीत.

पुढे प्रांतात लोकांनी निवडून दिलेले सरकार आले आणि बंदी उठली. कोणी कोणी जपून ठेवलेली ती पाने मग उजेडात आली, पुन्हा छापली गेली. आता ‘काळा’तील निवडक निबंधांचे दहा खंड ग्रंथालयात मागितले, तर कोणीही नाव विचारल्यावाचून दुसरे काही विचारत नाही.