फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि जखमांचा हिशेब

मंडला किंवा दिंडोरीहून जबलपूरला येऊन शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण काही दिवसांत गावी परततो. पुढे घरी टाक्यांत पू झाला, तर रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र तो बरा होऊन गेलेलाच असतो. म्हणूनच आज शस्त्रक्रियेनंतर साधारण ३० दिवस, आणि कृत्रिम सांध्यासारखी वस्तू बसवली असल्यास ९० दिवस, जखमेवर लक्ष ठेवण्याचा संकेत आहे. नोंदवहीतील या उणिवेकडे दीडशे वर्षांपूर्वी बोट दाखवणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावत होते. कंदील घेतलेली परिचारिका ही त्यांची प्रतिमा तेथलीच. पण त्यांचे खरे शस्त्र आकडेवारी हे होते. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना पहिली महिला सदस्य म्हणून स्वीकारले.

रुग्णालयांवरील त्यांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती १८६३ मध्ये निघाली. प्रत्येक शस्त्रक्रियेची तारीख, कारण, नंतर उद्भवलेले विसर्प, कोथ, धनुर्वात यांसारखे विकार आणि अखेरचा परिणाम, असा तक्ता त्यांनी त्यात सुचवला. जखम जंतूंमुळे चिघळते, हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते. स्वतः नाइटिंगेल दूषित हवेलाच दोष देत. तरीही त्यांची एक नोंद मार्मिक आहे. मरणासन्न रुग्णाला एक रुग्णालय घरी सोडते, तो दुसऱ्या रुग्णालयात एक-दोन दिवसांत दगावतो, आणि पहिल्याचा मृत्युदर कागदावर घटतो.

लंडनमधील काही रुग्णालयांनी त्यांच्या नमुन्यानुसार आकडे प्रसिद्ध केले. मात्र तक्ते किचकट ठरले आणि योजना बारगळली.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पण येथील ब्रिटिश सैन्यात दरवर्षी हजारी ६९ मृत्यू होतात, हे १८६३ च्या अहवालातून उघड करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ग्रामीण स्वच्छतेसंबंधी त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.