वाळूचा अभ्यास करणारा सैनिक

आमची शाळा राजस्थानात आहे. गेल्या मे महिन्यात मोठी आंधी आली आणि माझ्या खोलीतल्या मित्राला दम लागला. ती रात्र त्याने एम.आय. रूममध्ये काढली आणि त्याची क्रॉसकंट्री हुकली. सकाळी मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा एवढी बारीक धूळ येते तरी कुठून, असे त्याने विचारले. उत्तर शोधताना मला ब्रिगेडियर राल्फ बॅग्नोल्ड सापडले.

बॅग्नोल्ड यांचा जन्म 1896 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. 1915 मध्ये ते ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढले. पुढे त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये आणि भारतातही झाली. इजिप्तमध्ये असताना सुटी मिळाली की ते साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत. टायरमधली हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पट्ट्या घालणे, रेडिएटरची वाफ डब्यात जिरवून पाणी वाचवणे आणि सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवणे, हे सारे त्यांनी तिथे वापरून पक्के केले.

1935 मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लंडनच्या इंपिरियल कॉलेजात स्वतः वाऱ्याचा बोगदा बांधला आणि त्यात वाळू उडवून मोजमापे घेतली. माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर याच अभ्यासात होते. अगदी बारीक धूळ वारा सहजासहजी उचलू शकत नाही. तिचे कण एकमेकांना चिकटून बसतात आणि जमिनीलगतच्या संथ हवेत लपून राहतात. वाळूचा कण मात्र मोठा असतो. वारा त्याला उचलतो, तो उड्या मारत पुढे जातो आणि वेगाने जमिनीवर आदळतो. त्या माऱ्याने दुसरे कण उडतात, चिकटलेल्या धुळीचे गोळे फुटतात आणि बारीक धूळ हवेत फेकली जाते. वाळू थोड्याच उंचीवर उडून पुन्हा खाली बसते. धूळ मात्र तरंगत दूर जाते आणि आपल्या फुप्फुसांत शिरते.

या अभ्यासावरचे त्यांचे पुस्तक 1941 मध्ये निघाले. तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते आणि ते पुन्हा गणवेशात होते. 1940 मध्ये जनरल वेव्हेल यांच्या परवानगीने त्यांनी इजिप्तमध्ये लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. जे वाळवंट पार करता येणार नाही असे शत्रूला वाटत होते, त्यातूनच ही तुकडी त्याच्या पिछाडीला पोहोचली. 1944 मध्ये बॅग्नोल्ड रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 1990 मध्ये त्यांचे निधन झाले. आज मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांच्या एका पट्ट्याला त्यांचे नाव आहे.

हे वाचल्यावर मी आमच्या मैदानाकडे नीट पाहिले. जिथे गवत आहे आणि मातीची पापडी शाबूत आहे, तिथून धूळ कमी उठते. जिथे आम्ही मेसकडे जाण्यासाठी आडवाट पाडली आहे, तिथे पापडी फुटून वाळू मोकळी झाली आहे. म्हणजे मित्राच्या त्या रात्रीत थोडा वाटा आमच्या बुटांचाही होता.

आता आमच्या हाउसचे कॅडेट लांबच्या पक्क्या रस्त्याने जातात. दोन मिनिटे जास्त लागतात, म्हणून आम्ही दोन मिनिटे आधी निघतो.