निळ्या पेटीतले आजोबा

विल्यम हार्टनेलच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे. 8 जानेवारी 1908 रोजी लंडनच्या सेंट पँक्रस भागात तो जन्मला. आई ल्यूसी अविवाहित होती. आपल्याकडे माणसाच्या नावातच मध्यभागी बाप बसलेला असतो. बँकेत असताना अर्जावरच्या त्या एका रकान्यापाशी अडखळणारे हात मी पाहिले आहेत. त्यामुळे या नटाच्या चरित्रात मला सर्वांत आधी ती कोरी जागाच दिसली. मोठेपणी त्याने वडिलांचा शोध घेतला, पण पत्ता लागला नाही. मग मुलाखतकारांना तो आपला जन्म डेव्हन परगण्यातल्या शेतकरी घराण्यात झाल्याचे सांगू लागला. हे अगदीच खोटे नव्हते. आईकडची माणसे डेव्हनची होती, लहानपणीच्या सुट्ट्या तिथेच गेल्या आणि घोड्यावर बसायलाही तो तिथेच शिकला.

एरवीचे बालपण काही काळ एका पालक आईकडे आणि पुष्कळसे रस्त्यावर गेले. शाळा सुटली, किरकोळ चोऱ्यामाऱ्या सुरू झाल्या. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुष्टियुद्धाच्या क्लबात ह्यू ब्लेकर नावाच्या चित्रसंग्राहकाची त्याच्यावर नजर गेली. लिओनार्दोच्या हातची की नाही असा वाद असलेली आयलवर्थची मोनालिसा ज्याने हुडकली, तोच हा ब्लेकर. त्याने या पोराला जवळजवळ दत्तकच घेतले. आधी जॉकी करून पाहिले. ते जमले नाही, तेव्हा नाट्यशिक्षणासाठी इटालिया काँटी अकादमीत घातले. पुढे फ्रँक बेन्सनच्या शेक्सपिअर करणाऱ्या नाटक मंडळीत सामानसुमान हलवण्यापासून सुरुवात करून तो रंगमंचावर आला. 1929 साली हेदर मॅकिंटायर या अभिनेत्रीशी त्याचे लग्न झाले. त्याच्या तापट स्वभावासकट तिने त्याला शेवटपर्यंत सांभाळले.

महायुद्धात तो रणगाडा दलात होता, पण मानसिक धक्का बसून दीड वर्षात घरी परतला. 1942 साली नोएल कॉवर्डच्या चित्रपटात काम मिळाले, तर पहिल्याच दिवशी उशिरा पोचला आणि सर्वांदेखत बोलणी खाऊन काढला गेला. 1944 च्या ‘द वे अहेड’मध्ये मात्र त्याने कडक सार्जंट असा काही उभा केला की पुढे निर्मात्यांना त्याच्यात दुसरे काही दिसेना. ‘गांधी’मुळे आपल्याला परिचित असलेल्या रिचर्ड ॲटनबरोबरोबर तो ‘ब्रायटन रॉक’मध्ये गुंडांच्या टोळीत होता. ‘द आर्मी गेम’ या दूरचित्रवाणी मालिकेत सार्जंट-मेजर आणि 1958 च्या ‘कॅरी ऑन सार्जंट’मध्ये पुन्हा सार्जंट! आपल्याकडच्या इफ्तिखारसाहेबांना जसे पोलीस अधिकाऱ्याच्या गणवेशातून कोणी बाहेर पडू दिले नाही, तशातलाच हा प्रकार.

1963 साली लिंडसे अँडरसनच्या ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’मध्ये त्याने रग्बी खेळाडू हेरणारा एक थकलेला म्हातारा केला. ते काम बीबीसीच्या तरुण निर्माती व्हेरिटी लँबर्ट यांनी पाहिले. मुलांसाठी नवी विज्ञानमालिका निघायची होती. निळ्या पोलीस पेटीतून काळात आणि अवकाशात हिंडणारा एक विक्षिप्त वृद्ध, त्याला नाव नाही, सगळे नुसते डॉक्टर म्हणणार. ज्याला स्वतःच्या बापाचे नाव ठाऊक नव्हते, त्याच्याकडे ही भूमिका आली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते आपल्या लखनौत जन्मलेले वारिस हुसेन.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. मुलांच्या मालिकेकडे कोण लक्ष देणार? आठवड्याने तो भाग पुन्हा दाखवावा लागला. पण डालेक नावाची यंत्रात बसलेली दुष्ट जमात अवतरली आणि प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या पुढे गेली. पंचावन्न वर्षांचा हार्टनेल पांढऱ्या केसांचा टोप घालून साऱ्या इंग्लंडचा आजोबा झाला. पेटीतल्या यंत्राचे कोणते बटण कशासाठी हे त्याने ठरवून पाठ केले होते, कारण मुलांच्या नजरेतून चूक सुटत नाही. नटाची निष्ठा मला अशा ठिकाणी दिसते.

तरी तो सोबत काम करायला सोपा माणूस नव्हता. चिडखोर होता, पीत असे. परक्या देशांच्या आणि वंशांच्या माणसांविषयीचे त्याचे पूर्वग्रह सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहेत. ज्यू निर्माती आणि भारतीय दिग्दर्शक यांच्या हातून त्याला आयुष्यातले सर्वांत मोठे यश मिळावे, यातली गंमत त्याला कधी कळली का कोण जाणे. नात जेसिका कार्नी हिने 1996 साली आजोबांचे चरित्र लिहिले.

वर्षातले चाळीसहून अधिक आठवडे दर आठवड्याला एक भाग. ध्वनिचित्रफीत कापणे महागाचे, म्हणून चुकलेले वाक्यही तसेच राहायचे. रोहिण्या कठीण होण्याचा विकार त्याला जडला होता. संवाद विसरू लागले. प्रेक्षक त्याला म्हाताऱ्याची लकब समजत. अखेर 1966 साली मालिका सोडणे भाग पडले. आता नट जातो, पण मालिका तर चालवायची आहे! तेव्हा डॉक्टरचे शरीरच बदलते अशी युक्ती निघाली. 29 ऑक्टोबरला हार्टनेल जमिनीवर कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठला. एका माणसाच्या आजारपणातून निघालेल्या या तोडग्यावर ती मालिका 1989 पर्यंत चालली आणि 2005 साली पुन्हा उभी राहिली.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते ऑक्टोबर 1972 मध्ये. त्याच डिसेंबरात हार्टनेलची शेवटची भूमिका पडद्यावर येऊ लागली. दहाव्या वर्षानिमित्त तीन डॉक्टर एकत्र आणायचे होते. त्याने उत्साहाने होकार दिला, पण त्याला आता पाठांतर झेपणार नाही, हे हेदरने निर्मात्यांना कळवले. मग त्याला खुर्चीत बसवले, समोर संवादांचे फलक धरले आणि बाकीचे दोघे त्याला पडद्यावरच्या पडद्यात पाहतात, असे दाखवले. 23 एप्रिल 1975 रोजी केंट परगण्यात, वयाच्या 67 व्या वर्षी, झोपेतच तो गेला. ज्या शेक्सपिअरपासून सुरुवात केली, त्याच्या स्मृतीचा दिवस.

बीबीसीने जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या, त्यात त्याचे अनेक भाग नष्ट झाले. निरोपाचा शेवटचा भागही गेला. ट्राउटनमध्ये बदलण्याचे ते काही क्षण तेवढे उरले. 1973 साली ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता, म्हणून तो वाचला.