भाकरीचा तुकडा

गिरगावात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहतं. नवरा-बायको, आजी आणि दहा वर्षांची मुलगी. मुलीचं पोट वर्षभर बिघडलेलं, वजन वाढेना, चेहरा पांढराफटक पडलेला. अखेर तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की, गहू कायमचा बंद. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिच्या आतड्याला सोसत नव्हतं. या विकाराला सीलिअ‍ॅक म्हणतात आणि त्यावर पथ्य हाच उपाय. म्हणजे पोळी नाही, पाव नाही, बिस्किट नाही, आणि नाताळचा केकही नाही.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला शेजारपाजारचे लोक फॉर्म भरायला बोलावतात. तसा मी त्या घरी गेलो होतो. मुलगी रुसून बसली होती. सगळे पोळी खाणार आणि आपल्या एकटीच्या ताटात भाकरी, हे तिचं दुःख. आजी काही समजूत घालत बसल्या नाहीत. त्यांनी परात पुढे ओढली, ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतलं आणि मळता मळता नातीला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायला सुरुवात केली. फॉर्म बाजूला ठेवून मीही ऐकत राहिलो. रमाबाईंचं चरित्र आपल्याला ठाऊक असतं ते सुधारक म्हणून, विदुषी म्हणून, धर्मांतराच्या वादळातली बाई म्हणून. स्वयंपाकघराच्या दारातून मी ते प्रथमच पाहत होतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर रोष ओढवला, पण ते बधले नाहीत. पुढे आई लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. कर्ज झालं, घर सुटलं आणि हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं हिंडू लागलं. त्यात दुष्काळ आला. पुराण ऐकायला कोण येणार, आणि दक्षिणा कोण देणार? भांडीकुंडी विकून झाली. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ मध्ये आधी वडील गेले.

मग आई तापाने अंथरुणाला खिळली. ती अन्न मागत होती आणि घरात कण नव्हता. सोळा वर्षांची रमा शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली. ज्या मुलीला हजारो श्लोक मुखोद्गत होते, तिच्या तोंडून तेवढे दोन शब्द फुटेनात. त्या गृहिणीने चेहऱ्यावरून ओळखलं आणि बाजरीची भाकरी दिली. रमा ती घेऊन आली खरी, पण तोवर आईच्या अंगात खाण्याचं त्राण उरलं नव्हतं. खांदा द्यायलाही माणसं पुरेनात. रमेने भावाबरोबर आईची तिरडी उचलली. ठेंगणी असल्यामुळे तिने ती डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीणही गेली.

मला वाटतं, उशिरा पोचलेल्या त्या भाकरीने रमाबाईंची पाठ जन्मभर सोडली नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा नेला. तेविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येऊ लागलं आणि ती वाट बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला, पण ताट बदललं नाही. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्या घेत नसत. वाँटेजच्या भगिनींना वाटे, हा जुना अहंकार आहे. रमाबाईंचं म्हणणं एवढंच की, ख्रिस्ताला मानायचं म्हणजे इंग्रजांचं जेवण मानायचं असं नव्हे. सगळे एक खातात आणि आपण दुसरं, तेव्हा त्या टेबलावर माणूस किती एकटा पडतो, हे त्यांना तिथे नीट कळलं असलं पाहिजे.

ते पुढे मुंबईत दिसलं. अमेरिकेत व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी आपल्या चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. सुरुवातीच्या विधवांमध्ये नरहरपंत जोशांची बहीण गोदूबाई होती. हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. संस्था चालवणारी ख्रिस्ती, येणाऱ्या मुली ब्राह्मणांच्या. रमाबाईंनी त्यांच्या सोवळ्याची, वेगळ्या स्वयंपाकाची सोय ठेवली. आपल्या पंक्तीला बसलात तरच आसरा, अशी अट घातली नाही. दुखावलेल्या माणसाला आधी त्याच्या सवयीचा घास मिळाला पाहिजे, मग बाकीचं.

१८९० मध्ये सदन पुण्याला गेलं. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली जाऊन बसतात यावरून १८९३ साली गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांची काळजी सगळीच खोटी होती असं म्हणता येणार नाही. मुलींनी प्रार्थनेला यावं, अशी रमाबाईंच्या मनात आस होतीच. पण ज्या विधवांना घरात कोणी विचारत नव्हतं, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवणारी ती एक जागा होती, हेही तितकंच खरं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाईंना आपलेच जुने दिवस समोर दिसले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. उपासाने खंगलेल्या शरीराला एकदम पोटभर घातलं तर ते अन्नच घात करतं. कोणाला किती आणि काय द्यायचं, हे तिथे माणूस बघून ठरवावं लागतं. तिथे विणकाम, छापखाना, शेती सगळं बायकांनी चालवलं. मनोरमा आईच्या हाताखाली उभी राहिली, अंध मुलींना ब्रेल शिकवू लागली. मायलेकींचा हा संसार दोघींचा, आणि पाहिलं तर दोन हजारांचा.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

आता थोडं आपल्या त्या मुलीबद्दल. गहू हाच या विकाराचा गुन्हेगार, हा माग लागला तोही एका उपासमारीत. विलेम डिके या डच डॉक्टरांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा त्यांची आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आला तसा आजारही परतला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ते ग्लुटेन नसतं. आपल्या गरिबाघरची भाकरी या मुलांना मानवते.

फक्त सांभाळावं लागतं. गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ ज्वारीत उतरतं, म्हणून त्या घरी आता वेगळी घरघंटी आहे. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. आजी तो वाचून घेतात. परात, पोळपाट, तवा वेगळा.

ताट मात्र वेगळं नाही. भाकरी थापून झाल्यावर आजींनी सुनेला सांगितलं की, या घरात रात्रीच्या जेवणाला आता कोणाच्याच पानात पोळी नको. गेल्या नाताळात मी गेलो तेव्हा तांदळाच्या पिठाचा आणि नारळाचा केक होता, शिवाय अनारसे आणि भाजणीच्या चकल्या. वेगळी बशी कुठे दिसली नाही. केक जरा भुसभुशीत झाला होता, त्याचे तुकडे पडत होते. ते तुकडे गोळा करून मुलगीच सगळ्यांना वाटत होती.