केडगावच्या माळावरचे कार्य

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील या माळरानावर पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन निराश्रित मुलींसाठी जे कार्य उभारले, त्याचा उल्लेख महाराष्ट्रात बहुधा धर्मांतराच्या वादासंदर्भातच होतो. तो वाद निराधार होता असे नव्हे. परंतु त्याच्या धुरळ्यात एक गोष्ट दृष्टिआड झाली. संकटात सापडलेल्या मुलीला बाहेर काढल्यानंतर, ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत तिची सोबत करणे हे एक स्वतंत्र आणि दीर्घ श्रमाचे काम आहे, हे रमाबाईंनी आपल्याकडे अगदी आरंभी ओळखले. आज शिरूर आणि दौंड तालुक्यांत मुलांच्या संरक्षणाचे काम करणाऱ्यांना त्यांच्या चरित्रातून पुष्कळ घेता येईल आणि काही गोष्टी टाळताही येतील.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्या मातेने कन्येला. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने व आजाराने गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास ही भावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने दगावले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, मनोरमा ही तान्ही मुलगी पदरात असलेली ही विधवा पुण्यास आली. भूक, अनाथपण आणि वैधव्य यांची ओळख त्यांना ग्रंथांतून करून घ्यावी लागली नव्हती. पुढील साऱ्या कार्याचे मूळ येथे आहे.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे हिंदू विधवांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या द्रव्यबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले.

शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला आणि पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने ती महाराष्ट्राला परिचित झाली. एका मुलीला वेळेवर मिळालेला आधार किती दूरवर फळतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही. परंतु याच वर्षी सदनावर वादळ कोसळले. धर्मशिक्षणाची सक्ती नसली, तरी रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसत. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. केसरीने टीकेची झोड उठविली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. निराधार मुलीवर आधार देणाऱ्याचा प्रभाव पडणे अटळ असते. तिची संमती म्हणजे मोकळेपणाने घेतलेला निर्णयच, असे गृहीत धरता येत नाही. रमाबाईंची श्रद्धा प्रामाणिक होती, हे मान्य करूनही हा प्रश्न शिल्लक राहतो.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतःच्या तारुण्यातील भूक आठवून रमाबाई तिकडे गेल्या. मदतकेंद्रांच्या आसपास मुलींना फूस लावून नेणारे दलाल वावरत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली पुण्याकडे आणल्या. पण शहरात प्लेगचे निर्बंध होते. या मुलींना तेथे ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. १८९८ मध्ये मुक्तिसदनाच्या वास्तूचा पाया घातला गेला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळात आणखी हजारावर मुली आल्या आणि संस्थेची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

संख्येपेक्षा विचार करावा तो पद्धतीचा. सर्व मुलींना एकाच साच्यात घालणे रमाबाईंनी टाळले. फसविल्या गेलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, मुलग्यांसाठी सदानंदसदन, तर अंध मुलींसाठी स्वतंत्र विभाग होता. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून या मुलींना वाचते केले. शारदा सदनात शिकलेल्या मुलींवर नव्याने आलेल्या मुलींचा सांभाळ सोपविला गेला. कालपर्यंत आश्रित असलेली मुलगी आज दुसरीची पालक झाली. शिक्षणाबरोबर शेती, गोपालन, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना यांचे काम मुलींच्याच हाती आले. कोणी शिक्षिका झाली, कोणी परिचारिका, कोणी संसारात रमली. दयेची भाकर खाणाऱ्या मुलीच्या हाताला काम देणे हाच तिचा स्वाभिमान परत मिळविण्याचा मार्ग होय, हे सूत्र या साऱ्या व्यवस्थेमागे होते.

या पद्धतीला एक मर्यादाही होती. दुष्काळाने कुटुंबेच नष्ट केली होती आणि बालविधवेच्या बाबतीत तर घर हेच संकटाचे ठिकाण असे. म्हणून रमाबाईंचा मार्ग घरापासून दूर नेणारा होता. आजच्या बहुसंख्य मुलांची स्थिती तशी नाही.

शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, भीमा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत ऊस आला. १८७५ मध्ये सावकारांविरुद्धच्या दंग्यांत पेटलेला हा अवर्षणग्रस्त मुलूख बराच बदलला. पण मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर आलेल्या जोडप्याची मुले हंगामात शाळेला मुकतात, गुऱ्हाळावर आणि वीटभट्टीवर मोठ्या माणसांबरोबर लहान हात राबतात, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळत खोपीत राहते आणि वयात येताच तिच्या लग्नाची घाई होते. दौंडसारख्या मोठ्या जंक्शनवर घरातून पळालेले मूल उतरणे हेही नवल नव्हे. या मुलांना आईबाप आहेत. त्यांची ताकद संपली आहे, माया संपलेली नाही. अशा ठिकाणी मूल उचलून वसतिगृहात ठेवणे सोपे, पण बापाची उचल कशी फिटेल, आईला काम कोठे मिळेल, मुलाचे नाव कोणत्या शाळेत राहील, हे पाहणे कठीण. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आराखडा सांगितला आहे आणि बाल कल्याण समितीची व्यवस्था केली आहे. कायदा योग्य आहे. मात्र त्या आराखड्यामागे मुलाला नावाने ओळखणारे आणि वर्षानुवर्षे त्याच्या दारी जाणारे माणूस नसेल, तर तो फायलीतला कागदच राहील. असे माणूस हंगामी नेमणुकीवर आणि तुटपुंज्या मानधनावर टिकत नाही, हे शासनाने ओळखले पाहिजे. शिक्षकानेही पटावरची गैरहजेरी ही केवळ नोंद न मानता धोक्याची पहिली सूचना मानली पाहिजे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. ज्या मुलीकडे हे कार्य सोपवायचे तीच गेल्यावरही रमाबाईंनी हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांनी देह ठेवला. त्यांची संस्था आजही तेथे चालू आहे. त्यांच्या धर्ममताशी सहमत होण्याची कोणावर सक्ती नाही. परंतु टाकून दिलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे अखेरपर्यंत विचारीत राहण्याची त्यांची वृत्ती ज्या समाजाला परकी वाटेल, त्याने आपल्या मुलांविषयी फार अभिमानाने बोलू नये.