रामशास्त्री प्रभुणे : सचोटी आणि सोबती

खरे बोलणारा माणूस चार जणांत टिकत नाही, असे आपण पदोपदी ऐकतो. कचेरी असो, शाळा असो की पेढी असो. दहा जणांचे हात जिथे एका कामाला लागतात, तिथे थोडा कानाडोळा करावा लागतो, नाहीतर सोबती तुटतात, असा हा जगाचा हिशेब. दुसरा एक वर्ग याच्या अगदी उलट. त्याच्या जिभेवर सत्य असते खरे, पण ते म्हणजे जणू हातातली काठी! दिसेल त्याच्या पाठीत बसते. पहिल्याला सत्य सांभाळता येत नाही, दुसऱ्याला माणसे सांभाळता येत नाहीत. सज्जनहो, दोन्ही सांभाळणारा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव रामशास्त्री प्रभुणे. नाव सर्वांस ठाऊक. पण बहुधा एकाच प्रसंगापुरते. आज त्यांचे चरित्र जरा मुळापासून पाहू.

शास्त्रीबोवांचे गाव साताऱ्याजवळचे माहुली, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे. लहानपणीच पितृछत्र हरपले. विद्या नाही, द्रव्य नाही. तेव्हा साताऱ्यास अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी चाकरीस राहिले. अशी आख्यायिका आहे की, एकदा धन्याच्या हातावर पाणी घालताना या पोराची नजर धन्याच्या कानातल्या मोत्यांवर खिळली आणि पाणी भलतीकडेच गेले. धनी रागावला. ही लेणी विद्येने किंवा शौर्याने मिळतात, पाणक्याला नव्हेत, अशा अर्थाचे काही बोलला. आता पहा, असा शब्द कुणाच्याही काळजाला लागेल. पण बहुतेक माणसे बोलणाऱ्याचा राग मनात धरतात. यांनी त्या बोलण्यातले तथ्य तेवढे धरले. विशीच्या सुमारास, ज्या वयात लोक शिकणे संपवितात त्या वयात, हा तरुण काशीस गेला आणि बाळंभट पायगुंडे यांच्यासारख्या प्रकांड पंडितापाशी अध्ययनास बसला. वर्षानुवर्षे कष्ट करून धर्मशास्त्रात पारंगत झाला.

पुढे १७५१ साली ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून आले आणि १७५९ साली मुख्य न्यायाधीश झाले. पद मोठे, मान मोठा, पण राहणी कशी? घरात एका दिवसापुरता शिधा असावा, त्याहून अधिक साठा नको, हा त्यांचा नेम प्रसिद्ध आहे. आपण ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतो. अहो, वैराग्य तर आहेच. पण यात व्यवहाराचे शहाणपणही आहे. ज्याच्या घरात उद्याचे ओझे नाही, तो उद्या पद सोडून जाऊ शकतो. आणि जो उद्या जाऊ शकतो, तोच आज खरे बोलू शकतो.

याची कसोटी थोरल्या माधवरावांच्या वेळी लागली. १७६१ साली पेशवेपद मिळाले तेव्हा माधवराव अवघे सोळा वर्षांचे. बुद्धी तेजस्वी, पण मध्यंतरी जपतप, अनुष्ठान यांचे वेड इतके लागले की राज्याचे काम खोळंबू लागले. शास्त्रीबोवा कामानिमित्त गेले, तर श्रीमंत जपाला बसलेले. आता आपल्यातला एखादा काय करील? बाहेर ओसरीवर येऊन चार कारकुनांपुढे धन्याची टवाळी करील. शास्त्रीबोवांनी तसे केले नाही. दुसरे दिवशी प्रवासाची तयारी करून समोर उभे राहिले आणि काशीस जाण्याची रजा मागितली. कारण विचारले तेव्हा नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले की जपतपातच आयुष्य घालवायचे असेल तर गंगातीरी चलावे, आपणही सोबत येतो. राज्य करायचे असेल तर प्रजेचे रक्षण हेच अनुष्ठान. माधवराव समजले. त्यांनी अनुष्ठाने सोडली आणि शास्त्रीबोवांचा मान वाढविला. चूक दाखविली ती तोंडावर, आणि सोबत येण्याची तयारी ठेवून. म्हणून ती टोचली नाही, पटली.

दुसरी गोष्ट दक्षिणेची. पुण्यात श्रावणमासी विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. एकदा वाटपाच्या ठिकाणी शास्त्रीबोवा आणि नाना फडणवीस दोघेही बसले असता शास्त्रीबोवांचे बंधूच पुढे आले, असे सांगतात. नानांनी मैत्रीच्या ओढीने सुचविले की यांना इतरांहून पुष्कळ अधिक द्यावे. शास्त्रीबोवांनी शांतपणे सांगितले की यांची विद्या सामान्य आहे, तेव्हा दक्षिणाही सामान्यच द्यावी. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी माझ्या घरून देईन. यात दोन्ही नाती जपली, बरे का! सरकारचा पैसा वेगळा, घरचा वेगळा. भावाला झिडकारले नाही आणि नानांच्या सद्भावाचा अपमानही केला नाही.

पण सोबत सांभाळायची ती कुठवर? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात कोवळ्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनी कसून चौकशी केली आणि दोष प्रत्यक्ष चुलत्यावर, रघुनाथरावांवर ठेवला. गादी तर त्यांच्याच हाती! प्रायश्चित्त काय ते विचारले गेले, तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय देऊन शास्त्रीबोवांनी पुणे सोडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. एका दिवसाचा शिधा असणाऱ्याला निघायला किती वेळ लागणार? मिळते घेणे रक्तापाशी थांबते, हे त्यांनी दाखविले.

पुढे १७७४ साली बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि नंतर शास्त्रीबोवांना परत बोलावून त्याच पदावर बसविले. बारभाईंतही पुढे तट पडले. सखारामबापू बोकीलांसारखा जुना मुत्सद्दी १७७९ साली कैदेत गेला. अशा घालमेलीच्या दरबारात हा माणूस १७८९ साली देह ठेवीपर्यंत न्यायासनावर राहिला. कारण कोणत्याही तटाला त्याच्यापासून धोका नव्हता, आणि कोणत्याही तटाला त्याच्याकडून सवलतही नव्हती.

आपल्याला कुणी न्यायाधीश करणार नाही. पण गैरहजर सोबत्याची सही आपण करावी, कमी माप पुरे लिहावे, असे प्रसंग तुम्हांआम्हांला रोज येतात. तेव्हा नाही म्हणावे. पण ते त्याच्या कानात म्हणावे, चव्हाट्यावर नव्हे. त्याला खरी अडचण असेल तर आपल्या पदरचे चार पैसे, आपला एक तास द्यावा. आणि तोच नियम आधी आपल्या भावाला, मुलाला लावावा. एवढे केले की सोबती काही दिवस रुसतील खरे, पण पुढे आपला तंटा मिटवायला याच माणसाच्या दारी येतील.